अमेरिकेतल्या कॉलेजांना आपले नववी ते बारावीचे मार्क नक्की कसे दिसतात?

अबोली_कोथरूड
मुलगी दहावीत आहे, एसएससी बोर्ड, पुणे. बारावीनंतर अमेरिकेत फिजिक्स शिकायला जायचं तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. पैशाचं गणित आम्ही मांडतोय, ते जमेल न जमेल तो वेगळा विषय. माझा प्रश्न मार्कांचा आहे. नववीत तिला ८४ टक्के पडले. ते ऐकून न्यू जर्सीचे आमचे भावजी म्हणाले, "८४ म्हणजे इथे बी, बी वाल्यांना बरी कॉलेजं विचारत नाहीत." शेजारच्या काकू म्हणतात नववीबिववी कोण बघतंय, बारावीला ९० पाड म्हणावं, त्यांचा मुलगा तसाच मँचेस्टरला गेला. आणि एका कन्सल्टंटने सांगितलं की टक्के भागिले २५ म्हणजे तिचा जीपीए (तिकडची ४ पैकी सरासरी ग्रेड) ३.३६ झाला, आम्ही सगळ्या मार्कांचं असं कन्व्हर्जन करून सर्टिफिकेट देऊ, त्याची फी वेगळी.
तिघांची तीन तोंडं. खरं काय? आणि दुसरं म्हणजे अकरावीला काय करावं, क्लासशी टायअप असलेलं ज्युनिअर कॉलेज, साधं ज्युनिअर कॉलेज, की चौपट फी भरून आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट बोर्ड)? स्टेट बोर्डाला तिकडे खालचं समजतात का?

टेकडीवरचा
वाचतोय. आमचा आठवीत आहे, म्हणजे बराच वेळ आहे असं आत्तापर्यंत वाटत होतं.

खमंग_थालीपीठ
ताई, उगाच टेन्शन घेऊ नका. मी ९८ साली एमएसला आलो, पुणे विद्यापीठाचे ६३ टक्के होते, त्यांनी इव्हॅल्युएशनमध्ये सरळ ए धरले कारण आपल्याकडे ६० च्या वर फर्स्ट क्लास हे त्यांना माहीत असतं. दहावी बारावीचं तर कुणी विचारलंही नाही. ८४ म्हणजे तर राजेशाही.

ओहायोकर
@खमंग_थालीपीठ, एमएसचं गणित इथे लावू नका, पूर्ण वेगळा प्रकार आहे. एमएसला डिपार्टमेंटचे प्रोफेसर अर्ज बघतात, अंडरग्रॅडला अ‍ॅडमिशन ऑफिस बघतं.

अबोलीताई, मी इथल्या एका कॉलेजसाठी माजी विद्यार्थी म्हणून मुलांचे इंटरव्ह्यू घेतो. निर्णय माझ्याकडे नसतो, मार्क तर आम्हाला दाखवतही नाहीत, पण इतकी वर्षं त्या लोकांशी बोलून जे कळलं ते लिहितो.

तुमचे भावजी ८४ = बी म्हणतात ते इथल्या शाळेपुरतं बरोबर आहे. इथे ९० च्या वर ए, ८० च्या वर बी, आणि पेपर त्या हिशोबानेच काढलेले असतात, होमवर्क प्रोजेक्ट सगळं धरून अभ्यासू पोरगं ९२-९५ ला पोचतंच. पण भारतातला अर्ज वाचणारा माणूस ती पट्टी लावत नाही. बहुतेक बऱ्या कॉलेजांत भूभाग वाटून दिलेले असतात, भारत ज्याच्याकडे असतो तो दरवर्षी भारतातले ढीगभर अर्ज वाचतो, मुंबई पुणे दिल्ली बंगळूरच्या शाळांत येऊनही जातो. आयसीएसईचं ८५ आणि सीबीएसईचं ८५ यांत काय फरक असू शकतो हे त्याला आपल्या काकांपेक्षा जास्त कळतं.

म्हणून कन्व्हर्जन करू नका. कॉमन अ‍ॅपवर (बऱ्याच कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायची वेबसाइट) मार्क जसे आहेत तसेच टाकायचे असतात, शाळा जीपीए देत नसेल तर तिथे 'नाही' असं निवडायची सोय आहे. भागिले २५ हे सूत्र कुठून आलं देव जाणे, त्या हिशोबाने १०० टक्के पडले तरच ४.० आणि फर्स्ट क्लासवाल्याला २.४! कन्सल्टंटला फी द्यायची असेल तर द्या, पण यासाठी नको. काही कॉलेजं बाहेरच्या संस्थेकडून मार्कांचं इव्हॅल्युएशन मागतात, ती त्यांच्या साइटवर स्पष्ट लिहितात, तेव्हा करायचं.

आता मुख्य मुद्दा. ते बघतात नववी, दहावी, अकरावी आणि बारावीचे जेवढे हातात असतील तेवढे मार्क, विषयवार. अर्ज १ नोव्हेंबर किंवा १ जानेवारीच्या सुमाराला जातो, निकाल नोव्हेंबरवाल्यांचा डिसेंबरच्या मध्याला, बाकीच्यांचा मार्चअखेर, १ मे पर्यंत तुम्ही हो म्हणून डिपॉझिट भरायचं. एचएससीचा रिझल्ट लागतो मेमध्ये. म्हणजे ज्या बारावी बोर्डासाठी आपण घरातला टीव्ही बंद ठेवतो ते मार्क येईपर्यंत तिकडचा निर्णय होऊन गेलेला असतो. शेजारच्या काकूंचं चूक नाही, इंग्लंडमध्ये बारावीच्या मार्कांवर कंडिशनल ऑफर देतात. अमेरिकेत उलटं आहे, इथे नववीबिववीच बघतात.

अबोली_कोथरूड
बापरे. म्हणजे नववीचे ८४ मोजणार? त्या वर्षी तिला सहामाहीत डेंग्यू झाला होता, आम्ही म्हटलं जाऊ दे, दहावीला बघू.

ओहायोकर
मोजणार, पण एकटे नाही. चढता आलेख त्यांना आवडतो. आणि आजारपण असेल तर जास्तीच्या माहितीच्या रकान्यात दोन ओळी लिहायच्या, किंवा शाळेच्या पत्रात शाळेने लिहायचं. निबंध लिहू नका फक्त डेंग्यूवर. डेंग्यूवरचे निबंध त्यांनी खूप वाचलेत.

रोखठोक
बाकी ठीक, पण आपल्या मार्कांवर कुणी का विश्वास ठेवावा? २०२५ च्या दहावीत २११ मुलांना १०० टक्के, त्यातले ११३ एकट्या लातूर विभागातले. १०० टक्के! मराठीच्या निबंधात सुद्धा! आमच्या वेळी बोर्डात पहिल्या आलेल्याचा फोटो पेपरात यायचा आणि त्याला ९३-९४ असायचे. यातला हुशार कोण हे तिकडच्या माणसाला कसं कळणार?

लातूरची_लेक
झालं, आला लातूर मध्ये. अभ्यास करतो आम्ही, तुम्ही धागे वाचा.

रोखठोक
ताई हलके घ्या, माझी बायको उदगीरची आहे.

गणिताची_बाई
मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते, तेव्हा या बाजूने थोडं.

१०० टक्के म्हणजे प्रत्येक विषयात १०० नसतात. एसएससीला बेस्ट ऑफ फाइव्ह आहे, सहापैकी सगळ्यात कमीचा विषय सुटतो, आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला, खेळ, लोककला यांचे जास्तीचे गुण वर मिळतात. मार्कशीटवर विषयवार आकडे असतातच. तिकडे टक्का एकटा जात नाही, अख्खी मार्कशीट जाते, वाचणाऱ्याला गणित विज्ञान वेगळं दिसतं. फिजिक्सला जाणाऱ्या मुलीचा हिंदीतला मार्क कुणी चिवडत बसणार नाही.

सीबीएसईवाल्यांसाठी अजून एक, बारावीच्या मार्कशीटवर मार्कांशेजारी जो ए१, ए२ ग्रेड असतो तो ठरावीक टक्क्यांना चिकटलेला नसतो. त्या विषयात पास झालेल्यांतल्या वरच्या एक अष्टमांश मुलांना ए१, पुढच्या एक अष्टमांशला ए२, असं चालतं. म्हणजे कुठे उभे आहात ते त्यातून कळतं. आपल्याच पालकांना हे माहीत नसतं, सगळे टक्के घेऊन बसतात.

आता खरी अडचण सांगते, अकरावीची. अकरावी बोर्डाची परीक्षा नाही, कॉलेजची आहे. इथे कायम दोन टोकं. काही कॉलेजांत अकरावीला हात आखडता घेतात, मुलं सैल पडतात म्हणून, दहावीला ९४ वाला अकरावीत ७० वर येतो आणि त्याला कुणी विशेष समजत नाही. दुसरीकडे टायअपवाल्या ठिकाणी मुलगा वर्षभर क्लासच्या इमारतीत, कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलला आणि परीक्षेला, आणि मार्क सगळ्यांना सारखे भरघोस. जेईई-सीईटीला जाणाऱ्याचं काहीच बिघडत नाही, कारण अकरावीचे मार्क भारतात कुणी विचारतच नाही. अमेरिकेच्या अर्जात मात्र अकरावी हे सगळ्यात वजनदार वर्ष. अर्ज करताना हातात असलेलं शेवटचं पूर्ण वर्ष तेच.

पन्हाळ्याचा_पोऱ्या
बाईंना हजार मोदक. मी कोल्हापूरचा, एसएससी, एचएससी दोन्ही स्टेट बोर्ड, सध्या मिडवेस्टमधल्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, स्कॉलरशिपवर, त्यामुळे काकू स्टेट बोर्डाला खालचं समजतात का याचं उत्तर माझ्यापुरतं तरी नाही.

पण कागदं गोळा करताना जो घाम निघाला तो सांगतो कारण तो कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. आपल्याकडे दहावीला शाळा संपते, दाखला हातात देतात आणि शाळेच्या दृष्टीने तुम्ही मेलात. मी नववीचे मार्क लेटरहेडवर मागायला गेलो तर क्लार्क म्हणाले नववीचे मार्क कशाला, दहावीची बोर्डाची मार्कशीट आहे की तुझ्याकडं, मी म्हणलं अमेरिकेला पाठवायचेत, ते म्हणले अमेरिकेला माझ्या शाळेची नववी कशाला पायजे, आणि खरं सांगू का त्या क्षणी माझ्याकडंपण उत्तर नव्हतं. शेवटी रजिस्टर काढलं. प्रगतीपुस्तक मराठीत, त्याचं इंग्रजी शाळेनंच लेटरहेडवर करून सही शिक्का मारून दिलं तर चालतं बऱ्याच ठिकाणी, काही ठिकाणी सर्टिफाइड ट्रान्सलेटर मागतात. आठवीपर्यंतच्या श्रेणीबिणीचं काम नाही, नववीपासून पुढं.

मग कॉलेज. कॉमन अ‍ॅपवर एक काउन्सेलर लागतो जो स्कूल रिपोर्ट भरतो, पत्र लिहितो आणि मार्क अपलोड करतो. आमच्या कॉलेजात काउन्सेलर म्हणजे काय हे मीच उपप्राचार्यांना समजावलं. त्यांना कॉलेजच्या नावाचा ईमेल नव्हता, जीमेल होता, तेच दिलं, आणि कॉलेजचा फोन नंबर दिला. एका विद्यापीठानं खरंच फोन केला होता म्हणे, सर आठवडाभर सगळ्यांना सांगत होते.

आणि स्कूल प्रोफाइल. हे लई महत्त्वाचं. एक पानाचा कागद असतो, त्यात कॉलेज कुठलं, बोर्ड कुठलं, मुलं किती, पास व्हायला ३५, डिस्टिंक्शन ७५, अकरावीला आमच्याकडं किती जणांना ८० च्या वर पडतात, मुलं पुढं कुठं जातात. इंटरनॅशनल शाळांचं छापील रंगीत असतं. आमच्याकडं नव्हतंच. मी आकडे गोळा करून दिले, ऑफिसनं टाइप केलं, सरांनी तपासून सही केली. माझे अकरावीचे ७८ होते. त्या कागदावर होतं की ८० च्या वर आमच्या तुकडीत फक्त चारच जण आहेत. हा कागद नसता तर ७८ नुसतेच दिसले असते.

ओहायोकर
@पन्हाळ्याचा_पोऱ्या वा! मी वर जे लांबण लावलं ते तुझ्या शेवटच्या परिच्छेदात आलं. अबोलीताई, मुलीला विचारा ८४ ला वर्गात कितवी होती.

अबोली_कोथरूड
दुसरी. पहिलीला ८६ होते. शाळा मार्क देताना भयंकर चिकट आहे.

ओहायोकर
मग हे कागदावर आलं पाहिजे. काम झालं.

कोपनहेगनची_काकू
तुम्ही टक्क्यांवरून भांडताय, आमच्याकडे डेन्मार्कला ग्रेड असतात उणे ३, ००, ०२, ४, ७, १० आणि १२. मध्ये ५, ६, ११ वगैरे नाहीतच. लेकाला पहिल्यांदा ७ मिळाले तर सासूबाईंनी सोलापुरातून फोन केला, "१२ पैकी ७? शिकवणी लाव." ७ इथे चांगले असतात हे त्यांना अजून पटलेलं नाही. आणि उणे ३ कळल्यावर तर त्या दोन दिवस बोलल्या नाहीत.
लेकाने गेल्या वर्षी अमेरिकेला अर्ज केले, उणे ३ ते १२ पट्टीवरचेच ग्रेड गेले, कुणी काही विचारलं नाही.

टेकडीवरचा
उणे ३ =)) म्हणजे परीक्षेला न बसणं फायद्याचं.

सीन_नदीकाठी
फ्रान्समध्ये २० पैकी असतात, आणि २० कुणालाच देत नाहीत. १६ च्या वर बाकालोरेआला (तिकडच्या बारावीला) 'फार चांगला' असा शेरा मिळतो, १४ म्हणजे सुद्धा चांगला मुलगा. टक्के काढले तर ७०! जर्मनीत तर १.० सगळ्यात भारी आणि ४.० म्हणजे जेमतेम पास, अमेरिकेच्या बरोबर उलटं. आमच्या ओळखीत एकाचा १.३ बघून भारतातल्या आत्याने सांत्वनाचा मेसेज पाठवला होता. तेव्हा अ‍ॅडमिशनवाल्यांना जगभरातल्या असल्या पट्ट्या वाचायची सवय असते, आपले टक्के त्यांतले सगळ्यात सोपे.

चष्मिश
सगळे किती गोड गोड बोलताय. मार्क कसे दिसतात हा प्रश्न दुय्यम आहे, पैसे किती दिसतात हा पहिला. परदेशी मुलाने आर्थिक मदत मागितली की बहुतेक कॉलेजं ते निर्णयात धरतात. मागितली तरी निर्णयात फरक करत नाही असं म्हणणारी मोजकी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, आता ब्राउन, आणि अजून एखाद-दोन. आणि तिथे शिरणं म्हणजे, एमआयटीत परदेशी अर्जांपैकी दोन टक्क्यांच्या आसपास घेतात. बाकी चांगल्या खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च ९० हजार डॉलरला टेकलाय. पूर्ण पैसे भरणाऱ्याचे ८४ आणि मदत मागणाऱ्याचे ८४ एकाच नजरेने बघतात असं कुणी म्हणत असेल तर मला त्याचा पत्ता द्या.

पन्हाळ्याचा_पोऱ्या
@चष्मिश अर्धं बरोबर. मी मदत मागूनच आलो. पण हो, नऊ ठिकाणांहून नकार घेऊन आलो, आणि ज्यांनी घेतलं त्या कॉलेजाचं नाव माझ्या मामाला अजून उच्चारता येत नाही. प्रसिद्ध नावांचा हट्ट सोडला तर भरपूर पैसे देणारी लहान कॉलेजं आहेत, तिथं मार्क बघूनच स्कॉलरशिप ठरते, म्हणजे मार्क दुय्यम नाहीत, उलट मदत मागणाऱ्यालाच ते जास्त लागतात.

रोखठोक
माझा मूळ मुद्दा राहिलाच. शाळेने दिलेल्या मार्कांवर विश्वास कसा? आमच्या ओळखीत एका शाळेने 'फॉरेनसाठी' नववी-दहावीचं नवीन ट्रान्सक्रिप्ट (मार्कांचा अधिकृत उतारा) करून दिलं, सगळ्या विषयांत पाच-सात वाढवून. मुलगा आज बोस्टनला आहे. प्रामाणिक शाळेतल्या पोरांनी काय करायचं?

गणिताची_बाई
होतं असं. आमच्याकडेही पालक येतात, "मॅडम, अकरावीचं थोडं बघा ना." आणि शिफारसपत्राचं तर विचारूच नका, "तूच लिहून आण, मी सही करतो" ही सर्रास पद्धत आहे. मी नाही करत म्हटल्यावर मला शिष्ट म्हणतात.

चष्मिश
बाई, पण ६० पोरांच्या तुकड्या चार, शिक्षक एक, कुठून लिहिणार पत्रं? मुलानेच मुद्दे लिहून दिले तर काय बिघडलं?

गणिताची_बाई
मुद्दे देणं वेगळं, पत्र देणं वेगळं. मुद्दे मी स्वतःच मागते. पण १७ वर्षांच्या मुलाने स्वतःबद्दल लिहिलेलं पत्र पहिल्या ओळीत ओळखू येतं, सगळ्यांत 'पॅशनेट' असतं. मी आयुष्यात कुणाला पॅशनेट म्हटलेलं नाही. माझ्या एका विद्यार्थिनीबद्दल मी लिहिलं होतं की ती फळ्यावरची माझी चूक दाखवते पण तास संपल्यावर दाखवते. एवढंच लक्षात राहिलं म्हणे त्यांच्या.

ओहायोकर
@रोखठोक, पकडलेही जातात. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठात भारतातल्या मुलाचं प्रकरण झालं, खोटी कागदपत्रं, खोट्या ईमेलवरून मुख्याध्यापक, आणि जिवंत वडिलांच्या मृत्यूचा दाखला. स्वतःच नेटवर निनावी फुशारकी मारली म्हणून सापडला. अटक होऊन परत पाठवला.
पण पाच-सात मार्क वाढवणारे सगळे सापडतात असं नाही, हे खरं. म्हणूनच दुसरं माप लागतं आणि तिथे सॅट (तिकडच्या कॉलेजांसाठीची सामाईक परीक्षा) येते. करोनात बहुतेकांनी ऐच्छिक केली होती, मग एमआयटीने २०२२ मध्ये परत सक्तीची केली, २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक. येलने २०२४ मध्ये सॅट, एसीटी, एपी, आयबी यांतल्या एखाद्या परीक्षेचे मार्क द्याच म्हटलं. ज्या शाळेचे मार्क वाचणाऱ्याला ओळखीचे नाहीत त्या शाळेच्या मुलाला सॅट ही उलट संधी आहे. सॅट ऐच्छिक असली तरी स्टेट बोर्डाच्या मुलीने द्यावी असं माझं ठाम मत. फिजिक्सवालीला तर गणितात ७८० च्या पुढे जाणं अवघड जाऊ नये.

सिलिकॉन_साठे
एक अपवाद, कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो वगैरे. तिथे सॅट दिली तरी प्रवेशासाठी बघत नाहीत. शिफारसपत्र साधारणपणे मागत नाहीत. अर्जात मार्क स्वतः टाइप करायचे, मार्कशीट नंतर, प्रवेश मिळाल्यावर. बाहेरच्यांना त्यांच्या हिशोबाने किमान ३.४ जीपीए लागतो, तो ते स्वतः काढतात, तुम्ही काढून द्यायचा नाही. नववीचे मार्क टाकायचे असतात पण जीपीए नववीनंतरच्या वर्षांचा. म्हणजे डेंग्यूवालीला फायद्याचं. पण परदेशी मुलांना आर्थिक मदत जवळपास नाही, चष्मिशभाऊंचा मुद्दा तिथे बरोबर.

परतलेला_पक्षी
थोडं अवांतर. आम्ही दोन वर्षांपूर्वी डॅलसहून ठाण्याला परत आलो. मुलगा अमेरिकन नागरिक, तिकडे सातवीपर्यंत सगळे ए, इथे आयसीएसईत नववीला ७६. घरात सुतक आहे. त्याला अमेरिकन म्हणून बघणार की भारतीय?

ओहायोकर
पैशासाठी अमेरिकन, वाचण्यासाठी ठाणेकर. म्हणजे फेडरल मदतीचा एफएएफएसए फॉर्म तो भरू शकतो, पण मार्क त्याच्या आत्ताच्या शाळेच्या संदर्भातच वाचतात. टेक्ससची स्थानिक फी मात्र तुम्ही तिथे राहत नसाल तर गृहीत धरू नका. सातवीचे ए विसरा, नववीपासून मोजतात. आयसीएसईचं नववीचं ७६ म्हणजे सुतक नाही हो, जरा चौकशी करा वर्गात बाकीच्यांचं काय झालं.

मांडवीकाठचा
आमच्या गोव्यात अकरावी-बारावी हायर सेकंडरी स्कूलला असते, त्यामुळे निदान 'शाळा' म्हणून फॉर्म भरताना डोकं कमी फिरतं. बाकी क्लार्क सगळीकडे सारखेच. मेमध्ये गेलात तर चिकू खाऊन परत या.

अबोली_कोथरूड
सगळ्यांचे खूप आभार, इतकं कुठल्याच सेमिनारमध्ये मिळालं नव्हतं. पण आयबीचं कुणीच बोललं नाही. तिची मैत्रीण चाललीय, तिची आई म्हणते तिकडे आयबीलाच मान.

सीन_नदीकाठी
मान आहे, अभ्यासक्रम त्यांच्या ओळखीचा आहे, ४५ पैकी गुण, आणि शाळा प्रेडिक्टेड ग्रेड (अपेक्षित मार्क) पाठवते त्यामुळे बारावीचं काहीतरी ठोस त्यांच्या हातात असतं. शाळेत काउन्सेलर, प्रोफाइल सगळं तयार. पण एसएससीमधून थेट आयबीत उडी मारणारी मुलं पहिले सहा महिने लिखाणात गटांगळ्या खातात, आणि अर्जात जाणार ते नेमके अकरावीचेच मार्क. मुलीची लिहायची तयारी असेल तर जा, फक्त नावासाठी नको.

खमंग_थालीपीठ
आणि चौपट फी दोन वर्षं वाचवली तर तिकडच्या एका सेमिस्टरचं तरी होईल. चष्मिश, बघा, मी पण पैशावर आलो.

गणिताची_बाई
माझं मत विचारलंत तर, टायअप नको. शिक्षक ओळखतच नसेल तर पत्र कोण लिहिणार, आणि कॉलेजने मार्क छापून दिले तरी मागे माणूस दिसत नाही. साधं, तास होणारं ज्युनिअर कॉलेज शोधा, प्रवेशाआधीच विचारा की परदेशी अर्जाचे कागद यापूर्वी दिलेत का आणि कोण देतं. ऑनलाइन पोर्टलवर पसंतीक्रम भरताना कटऑफच बघतात सगळे, हे कुणी बघत नाही. आणि नववीचं ट्रान्सक्रिप्ट दाखला घेतानाच मागून ठेवा, चार प्रती, बंद पाकिटात सही-शिक्क्यासह.

अबोली_कोथरूड
मुलीने धागा वाचला. ती म्हणते आयबी नको, टायअप नको. भावजींना सीन नदीकाठचा प्रतिसाद पाठवला, त्यांनी फक्त अंगठा पाठवलाय.
अजून एकच, अर्ज गेल्यावर बारावीचे काहीच मार्क मागत नाहीत का? मग ते वर्ष सैल सोडायचं?

पन्हाळ्याचा_पोऱ्या
सैल नाही काकू! जानेवारी-फेब्रुवारीत मिड-इयर रिपोर्ट मागतात, त्यात सहामाहीचे, नाहीतर प्रिलिमचे मार्क जातात, तेही कॉलेजनंच अपलोड करायचे, आणि नेमकं तेव्हा सगळा स्टाफ प्रॅक्टिकलच्या परीक्षांत अडकलेला असतो, म्हणून आधी सांगून ठेवा. मग बोर्डाचा निकाल लागला की फायनल ट्रान्सक्रिप्ट जातं. तिथं एकदम आपटलं तर दिलेला प्रवेश काढूनही घेऊ शकतात, माझ्या बॅचच्या एका पोराला ९० चे ६८ झाल्यावर खुलासा मागवणारं पत्र आलं होतं, त्यानं कारण लिहून दिलं, मिटलं. आणि एचएससीला आमच्या प्रिलिमचे पेपर बोर्डापेक्षा अवघड काढतात, मार्क कमीच पडतात, हे प्रोफाइलमध्ये घालायला सांगा. मी घातलं नव्हतं, सरांनीच हातानं खाली लिहिलं.

टेकडीवरचा
प्रोफाइलचा नमुना कुणाकडे आहे का? नाव खोडून टाका हवं तर. आमच्या शाळेत दाखवला तरी निम्मं काम होईल.

पन्हाळ्याचा_पोऱ्या
व्यनि (खासगी निरोप) करतो. रविवारी, आत्ता मिडटर्म चालू आहे.